अटींसह उत्तर

आमच्या महाविद्यालयाने दिवंगत अध्यापकांची एक स्मरणिका काढली आहे. तीत प्रोफेसर नीळकंठ शेवडे यांच्या वाट्याला नऊ ओळी आल्या आहेत. शेवटची ओळ अशी : "समीकरणात खेकडा घालणारे हे विक्षिप्त प्राध्यापक एका दाव्यात साक्ष देताना हास्यास्पद ठरले होते." ती वाचली त्याच दिवशी मी संपादकांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही, म्हणून दुसरे लिहिले, रजिस्टर पोस्टाने. त्यावर, जागेअभावी खुलासा छापता येत नाही, असे दोन वाक्यांचे उत्तर आले. मृत माणसाची अप्रतिष्ठा करण्यास जागा असते आणि ती पुसण्यास नसते, हे कोणत्या न्यायात बसते, असे मी तिसऱ्या पत्रात विचारले आहे.

परंतु त्या तिन्ही पत्रांत एक वाक्य मी लिहिले नव्हते, आणि ते लिहिल्यावाचून माझ्या संतापाला उभे राहण्यास जागा नाही. त्या दिवशी कोर्टात जो हशा झाला, तो मी पिकवला होता. प्रतिवादीचा वकील मी होतो.

शेवड्यांनी आम्हाला बी. ए.ला अवकल समीकरणे शिकविली. पहिले महायुद्ध संपून पाच-सहा वर्षे झाली होती. आठवडाभर ते पुण्यात असत आणि शनिवारी दुपारच्या गाडीने लोणावळ्यास जात. तेथे त्यांचे चार खोल्यांचे कौलारू घर होते. मूर्ती ठेंगणी, बंद गळ्याचा कोट, डाव्या खिशात साखळीचे घड्याळ आणि उजव्या खिशात सुतळीचे एक भेंडोळे. त्या सुतळीला वीतभर अंतरावर गाठी मारलेल्या असत. विहीर दिसो, डबके दिसो, स्टेशनावरची पाण्याची टाकी दिसो, शेवडे सुतळी सोडून गाठी मोजत आणि घड्याळ पाहत उभे राहत. गार्डाची शिट्टी झाली, तरी शेवटची गाठ मोजल्याखेरीज ते डब्यात चढत नसत.

वर्गात आल्यावर फळ्याकडे वळण्यापूर्वी ते तीन प्रश्न विचारीत. "काय बदलतंय? कशामुळं बदलतंय? आणि जितकं आहे तितक्यामुळं किती झपाट्यानं बदलतंय?" तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मांडता आले की समीकरण झाले. बाकी हमाली, असे ते म्हणत. वस्तूचे गणिती रूप उभे करणे याला आज प्रतिमान म्हणतात. ते त्याला सोंग म्हणत. "समीकरण हे पाण्याचं सोंग आहे. सोंग असं वठलं पाहिजे की बघणाऱ्यानं हात जोडावेत. पण सोंग घेणाऱ्यानं, आपण खरोखरचे राजे नव्हे, हे एक क्षणही विसरता कामा नये." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते. पुढे मला ते फार उपयोगी पडले.

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे अटी. सहामाही परीक्षेत पाझरणाऱ्या तळ्याचे एक गणित होते. मी ते सोडवले, उत्तर तंतोतंत बरोबर आले आणि मला शून्य मिळाले. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन भांडलो. भांडण्याची मला तेव्हाही हौस होती.

"खांबेटे, उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण कुणाचं?"

"तळ्याचं, सर."

"कुठल्या? सुरुवातीला तळ्यात पाणी किती होतं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. हे हजार तळ्यांचं उत्तर आहे, आणि त्यातल्या एकाही तळ्याच्या काठी माणूस राहत नाही. आपलं तळं कोणतं? अट सांगा. अटीवाचून दिलेलं उत्तर म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट."

घरीही हाच खाक्या. एका रविवारी आम्ही चौघे विद्यार्थी लोणावळ्यास त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंनी आमच्यासमोर गाऱ्हाणे घातले : "यांना विचारलं, भात झाला का बघा, तर म्हणतात, पाणी किती घातलं होतं? झाकण कधी ठेवलं? तोवर भात करपतो!" शेवडे शांतपणे म्हणाले, "करपतो हे खरं. पण का करपला ते मला ठाऊक असतं." काकूंनी त्यांच्या पानात खरवड वाढली आणि त्यांनी ती चवीने खाल्ली.

त्या रविवारी ते आम्हाला आंदर मावळातील एका वाडीवर घेऊन गेले. पायी दीड-दोन तासांची वाट होती. वाडीवर सखाराम आबांची भाताची खाचरे होती, उतारावर एकाखाली एक अशी पाच. वरच्या खाचराचे पाणी बांधातल्या मोरीतून खालच्यात, त्याचे त्याखालच्यात. शेवड्यांना हे दृश्य म्हणजे पुस्तकातले प्रकरणच वाटे. वरून येणारे पाणी वजा खाली जाणारे पाणी, हा प्रत्येक खाचराचा बदल. पाच खाचरे, पाच समीकरणे, एकमेकांच्या हातात हात घातलेली. पाऊस उघडलेला होता. आम्ही ओढ्याचे पाणी वरच्या खाचरात ठरावीक वेळ सोडले, मग ते बंद केले आणि प्रत्येक खाचराशी एकेक जण गाठींची सुतळी घेऊन बसला. गणिताप्रमाणे पाण्याचा फुगवटा पायरीपायरीने खाली उतरायला हवा होता : आधी पहिले खाचर, मग दुसरे, मग तिसरे.

चौथे खाचर तिसऱ्याच्या आधी भरले.

आम्ही सुतळ्या बदलल्या, घड्याळे मिळवली, पुन्हा पाणी सोडले. पुन्हा तेच. सखाराम आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते. ते हसले.

"मास्तर, तुमी मोरीचं पानी मोजलं. खेकडं कुटं मोजलं?"

"खेकडे?"

"व्हय. दुसऱ्या बांधाला लय बिळं हायेत. तिसऱ्याच्या खालनं पानी सरळ चौथ्यात निगतं. मोरीला इचारीत न्हाई ते." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "ही श्यानी पोरं दुपारधरनं बांधाव बसल्यात, पर खाली वाकून बांध कुनी बगितला न्हाई."

शेवडे गुडघ्यावर बसले. त्यांनी कोटाची बाही वर करून बिळात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटाला खेकडा लोंबत होता आणि चेहऱ्यावर असा आनंद होता, की जणू बक्षीस मिळाले आहे. "चुकलं!" ते ओरडले. "खांबेटे, लिहून घ्या, चुकलं, आणि कुठं चुकलं ते सापडलं!" तेथेच बांधावर त्यांनी समीकरणात एक पद वाढवले आणि त्याला 'ख' हे अक्षर दिले. बिळातून जाणारे पाणी बीळ रुंदावत जाते, म्हणून 'ख' हा आकडा स्थिर राहत नाही, जितके पाणी वाहील तितका तो वाढतो, हेही त्यांनी त्याच वेळी मांडले. ती पाचही समीकरणे सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे आले. 'ख म्हणजे खेकडा' ही तळटीप माझ्या हातची आहे.

पुढच्या महिन्यात त्यांनी सखाराम आबांना पुण्याला आणून वर्गात फळ्यासमोर उभे केले. आबांनी पाऊण तास बांध कसा घालतात, कुठे खचतो, पाणी कुठून आधी बोलते, हे सांगितले. प्राचार्यांनी शेवड्यांना बोलावून विचारले, या गृहस्थांची पात्रता काय? शेवडे म्हणाले, "त्यांनी माझी चूक काढली. मला पदवी देणाऱ्यांपैकी कुणाला ते जमलं नव्हतं." हे मला शेवड्यांनी सांगितलेले नाही, प्राचार्यांच्या शिपायाने सांगितले. शेवडे स्वतःच्या विजयाच्या गोष्टी सांगत नसत.

मी गणित सोडून कायद्याकडे वळलो. त्यांना वाईट वाटले असावे, पण ते म्हणाले एवढेच : "तिथंही अटी असतात. सांभाळा."

वकिली सुरू करून मला तीन वर्षे झाली असतील, तेव्हा मुंबईच्या एका धनिक गृहस्थांचे काम माझ्याकडे आले. त्यांनी बंगल्याच्या शोभेसाठी डोंगराच्या कुशीत मातीचा बांध घालून तळे केले होते, आणि आता नौकाविहारासाठी बांधाची उंची वाढवावी अशी त्यांची इच्छा होती. जादा पाणी वाहून जाण्याचा सांडवा मात्र होता तेवढाच अरुंद ठेवायचा होता. तळ्याच्या बरोबर खाली सखाराम आबांची वाडी. वाडीने मनाई हुकुमासाठी दावा लावला आणि वाडीच्या बाजूने तज्ज्ञ साक्षीदार म्हणून शेवडे उभे राहिले. आलेल्या पक्षकाराला वकिलाने नाकारू नये, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. नाकारता येते. मी पुढे अनेकांना नाकारले आहे.

शेवड्यांनी कोर्टापुढे वीस पानांचे टिपण ठेवले. पाऊस किती, तळ्याचे क्षेत्र किती, सांडव्यातून जाईल किती, मातीच्या बांधातल्या बिळांतून जाईल किती. निष्कर्ष असा, की मावळात काही वर्षांनी येतो तसा सलग मुसळधार पाऊस आला तर बांध धोक्यात येईल. मी ते टिपण वाचले तेव्हा त्यातले प्रत्येक अक्षर मला ओळखीचे वाटले. आणि नेमके कोठे बोट ठेवायचे, हे महाराष्ट्रातल्या इतर कोणत्याही वकिलाला कळले नसते, ते मला कळले.

उलटतपासणीची नक्कल माझ्यापाशी आहे. ती पाहण्याची मला गरज पडत नाही.

"प्रोफेसरसाहेब, आपल्या समीकरणात 'ख' असे एक अक्षर आहे. त्याचा अर्थ काय?"

"खेकडा."

कोर्ट हसले. न्यायाधीशही हसले. मी हशा विरेपर्यंत थांबलो. थांबणे हा उलटतपासणीतला मोठा भाग असतो.

"आपण हे खेकडे मोजले आहेत?"

"एकेक नाही."

"म्हणजे अंदाज."

"अंदाज. पण त्याची खालची आणि वरची मर्यादा मी..."

"अंदाज आहे की नाही, एवढेच सांगा."

"आहे."

"समीकरण हे केवळ सोंग आहे, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवता?"

तोवर ते न्यायाधीशांकडे पाहून बोलत होते. आता त्यांनी माझ्याकडे पाहिले. "होय. तुम्हालाही शिकवलं."

पुन्हा हशा.

"हा बांध फुटेल, असे आपण शपथेवर सांगता?"

"सलग पाऊस जर त्या धारेनं..."

"मी जर-तर विचारलेले नाही. फुटेल की नाही?"

खोटे बोलणे त्यांना सोपे होते, एकच शब्द होता. मागच्या बाकावर सखाराम आबा आणि वाडीची दहा-बारा माणसे मान पुढे काढून त्या शब्दाची वाट पाहत होती.

"असं अटीवाचून सांगता येत नाही," शेवडे म्हणाले.

मी "बस्स, एवढेच" म्हणून खाली बसलो. वाडीचा दावा फेटाळला गेला. साक्षीदाराच्या स्वतःच्या कबुलीनुसार त्याचे मत अनिश्चित असल्याचे निकालपत्रात नमूद झाले. ज्या माणसाने अटींशिवाय उत्तर देणे हा मला गुन्हा म्हणून शिकवला होता, त्याच्याकडून अटी काढून घेऊन मी त्याचे उत्तर मारले. कायद्याने मला तसे करण्याची मुभा होती. हे वाक्य मी अनेकदा स्वतःला ऐकवले आहे. ते खरे आहे आणि त्याने काहीही होत नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर ते मला भेटले. माझी मान खाली होती, असे लिहायला मला आवडेल. ती ताठ होती.

"खांबेटे, 'ख'वरचा तुमचा प्रश्न अगदी योग्य होता," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात टोमणा असावा म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. तो नव्हता. "त्याची मर्यादा मी फारच सैल धरली होती. पुन्हा बसून घट्ट केली पाहिजे." आणि ते छत्री उघडून स्टेशनाच्या वाटेला लागले.

बांध उंच झाला. तिसऱ्या वर्षी श्रावणात तो फुटला.

त्या दिवशी काय घडले ते मला कोर्टातच कळले, कारण वाडीने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि तेव्हाही प्रतिवादीचा वकील मीच होतो. सखाराम आबा साक्षीला उभे राहिले. निकालानंतरच्या दर पावसाळ्यात, जोराची सर लागली की शेवडे लोणावळ्याहून चालत बांधावर येत आणि आपली सुतळी सोडून बसत, हे मी तेथे प्रथम ऐकले. ते तेव्हा साठीला आले होते आणि निवृत्त होऊन लोणावळ्यासच राहत होते.

"त्या दिशी सकाळी मास्तर वाडीव आलं," आबा सांगू लागले. "निस्तं निथळत हुतं. म्हनले, आबा, दोन-अडीच तासांत पानी बांधावरनं जाईल, न्हाईतर बांधातनं जाईल. मानसं उठवा, गुरं सोडा. म्या इचारलं, मास्तर, नक्की का? तर म्हनले, नक्की न्हाई. नक्की न्हाई म्हनूनच उठा."

"आणि तुम्ही उठलात?" हा प्रश्न मी विचारला. प्रतिवादीच्या बाजूने त्याचा काही उपयोग नव्हता.

"उठलो की. चूक झाली तर चूक झाली म्हननारा मानूस हाय त्यो. त्याचं न्हाई ऐकायचं तर कुनाचं?"

वाडी टेकाडावर गेली. दोन तास दहा मिनिटांनी बांध मधोमध फुटला. माणूस मेला नाही, एक वासरू गेले. पण खाचरे गेली. पाचही. सात पिढ्यांनी दगड वेचून, माती अडवून, हाताने रचलेली जमीन अर्ध्या घटकेत धोंड्यांखाली गेली. ती परत यायची तर पुन्हा तितक्याच पिढ्या लागतील, असे आबा म्हणाले, आणि पिंजऱ्यातून खाली उतरताना त्यांनी मला नमस्कार केला. कोर्टात वकिलाला नमस्कार करायचा असतो, असे कोणीतरी त्यांना सांगितले असावे.

असा पाऊस ही दैवी आपत्ती होय, ती कोणाही माणसाला आधी ओळखता आली नसती, सबब प्रतिवादी जबाबदार नाही, असा युक्तिवाद मी केला. ती आधी ओळखणारा माणूस मला ठाऊक होता. त्याचे वीस पानी टिपण त्याच कोर्टाच्या दप्तरात, फेटाळलेल्या दाव्याच्या कागदांत बांधून पडले होते, आणि वाडीच्या नव्या वकिलाला त्याचा पत्ता नव्हता. कागद पुढे आणणे हे विरुद्ध पक्षाचे काम असते. मी गप्प राहिलो. दावा मी जिंकला.

निकालानंतर दुसऱ्या आठवड्यात मी लोणावळ्यास गेलो. बांध फुटल्याला सव्वा वर्ष होत आले होते, कार्तिक लागला होता. काकूंनी दार उघडले, मला ओळखले, पाणी दिले. "ते वाडीवर गेलेत," त्या म्हणाल्या. "हल्ली रोजच जातात. दम लागतो, ऐकत नाहीत. बसा म्हणणार नाही मी तुम्हाला." त्यांनी माझ्या हातून भांडे घेतले आणि दार लोटले.

मी वाडीची वाट धरली. जाताना क्षमायाचनेची वाक्ये मनात रचत होतो आणि ती सुबक होत आहेत याचे मला समाधान वाटत होते, हेही कबूल केले पाहिजे.

जिथे पहिले खाचर होते तिथे शेवडे उभे होते. हातात पाणसळ. कोटाची कोपरे विरलेली, मानेच्या शिरा दिसत होत्या. धोंडे बाजूला सारून नव्या बांधाची रेघ आखणे चालले होते. वाडीची माणसे खाली, दोनशे पावलांवर, पहारीने धोंडे हलवीत होती. त्यांत पांढऱ्या मुंडाशाचे सखाराम आबा मला लांबूनही ओळखू आले.

"सर," मी म्हणालो.

"कोण, खांबेटे? त्या खुंटीपाशी जरा सरका, सावली पडतेय."

मी सरकलो. मग मी रचलेली वाक्ये बोललो. सगळी बोललो. ते पाणसळीतला बुडबुडा स्थिर होण्याची वाट पाहत ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी खुंटी एक बोट खाली ठोकली.

"तुम्ही ही माफी माझ्यापाशी का मागता?" ते म्हणाले. आवाज वर्गातलाच होता, उत्तरपत्रिका परत करतानाचा. "मी पक्षकार नव्हतो, खांबेटे. मी साक्षीदार होतो. पक्षकार ते तिकडे खाली आहेत."

मी खाली पाहिले.

"उतारावर चिखल फार आहे," ते म्हणाले. "जोडे काढून जा."

मी वाकलो. डाव्या जोड्याची नाडी सोडली. आबांनी त्या वेळी पहारीचा भार दिला होता, दोन तरुण धोंडा ढकलत होते आणि कोणीतरी "हां, आता, हां!" असे ओरडत होते. त्यांच्यापुढे अनवाणी उभे राहून काय बोलायचे, याचे एकही वाक्य माझ्यापाशी नव्हते. शेवड्यांसाठी रचलेली सगळी संपली होती. मी नाडी पुन्हा बांधली. पुण्याची गाडी चुकेल, असे काहीतरी पुटपुटलो. शेवडे पुढच्या खुंटीकडे निघाले होते.

त्या पौषात ते न्यूमोनियाने गेले. सखाराम आबा त्यानंतर चार वर्षे होते. चार वर्षांत लोणावळ्यावरून माझी गाडी किती वेळा गेली असेल.

त्या दिवशी वाडीवरून परतताना, वळणावर पोचल्यावर मी एकदा मागे पाहिले होते. शेवडे उतारावर ओणवे होऊन सुतळी ताणत होते. सुतळीचे दुसरे टोक धरायला सखाराम आबा वर आले होते. आबांनी कपाळावर हात धरून माझ्या दिशेने पाहिले आणि त्यांना काहीतरी विचारले. कोण आलं हुतं, असेच विचारले असणार. शेवड्यांनी मान वर न करता उत्तर दिले. ते उत्तर तेवढ्या अंतरावरून ऐकू येणे शक्य नव्हते. मी पाहिले ते एवढेच, की आबांनी कपाळावरचा हात खाली घेतला आणि सुतळी धरली.